बाळ बारीक राहावं म्हणून

जयपूरच्या सोडाला भागात एका धर्मादाय प्रसूतिगृहात मी नोकरी करते. माझं काम थोडक्यात सांगायचं तर दिवस गेलेल्या बायकांची तंबाखू सोडवणं. कुणी विडी ओढते, कुणी हुक्का, कुणाच्या गालात गुटखा असतो. तपासताना डॉक्टर मॅडमच्या लक्षात आलं की त्या बाईला माझ्याकडे पाठवतात. सवय कशी लागली, तलफ कधी येते, घरात आणखी कोण ओढतं, असं विचारत मी तिच्याशी बोलते आणि मग दर तपासणीला तिच्या मागे लागते. नवऱ्याच्या बदलीमुळे सांगलीहून इथं आले तेव्हा बायकांनी उघड्यावर विडी ओढताना पाहिलं की माझं तोंड उघडंच राहायचं. पुढे ते अंगवळणी पडलं. आता आपल्याला कशाचा धक्का बसणार नाही, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी थंडी होती. मी विद्याधर नगरहून स्कूटीवर आले होते, हात गारठलेले, अजून स्वेटरही काढला नव्हता, तेवढ्यात डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं.

"दीदी, ही तुमच्याकडची दिसते," त्या हिंदीत म्हणाल्या. "हिंदी येते तिला, पण मी काय सांगितलं ते कळलेलं दिसत नाही. तुम्ही तुमच्या भाषेत सांगून बघा."

खुर्चीत एक मुलगी बसली होती. बावीस-तेवीसची असेल. हिरव्या रंगाची साडी, वरून पुरुषी जाकीट, कानाला घट्ट बांधलेला रुमाल. पोट मात्र असून नसल्यासारखं. गाव विचारलं तर आटपाडीकडचं निघालं. तिकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, सोन्या-चांदीची राख, जुने दागिने वितळवून शुद्ध करायचं काम. हिचा नवराही जुन्या शहरातल्या एका गल्लीत भट्टीवर होता. एवढ्या लांब आपल्या जिल्ह्याची बोली ऐकून मला बरं वाटलं, आणि मी लगेच तुम्हीवरून तूवर आले.

मॅडमनी सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवला. सातवा लागला होता, पण बाळाची वाढ त्या मानानं बरीच मागे होती. वारेतून बाळाला पुरेसं रक्त पोचत नसावं, असं त्यांचं म्हणणं. मी तिच्याकडे वळून शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "हे बघ, घाबरू नकोस. पण बाळाची वाढ कमी आहे. सातव्यात जेवढं असायला पाहिजे त्यापेक्षा बाळ फार लहान आहे."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाली, "पावला गं बाई द्येव."

मला वाटलं, हिला मराठीतलंही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. लहान आहे, म्हणजे बारीक आहे, अंगात काही नाही त्याच्या, असं अगदी तिच्या बोलीत सांगितलं.

"कळलं की ताई," ती म्हणाली. "बारीक हाय न्हवं? बरं झालं. आसंच ऱ्हाऊ दे म्हणावं शेवटापत्तूर."

"क्या कह रही है?" मॅडमनी विचारलं.

एवढंसं वाक्य, पण ते हिंदीत करून सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी मी म्हणाले, "मॅडम, ती खूश आहे."

तिला घेऊन मी माझ्या खोलीत आले. ही खोली जिन्याखाली आहे, दोन खुर्च्या, एक टेबल, आणि तेव्हा भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. त्यात एका बाजूला गुबगुबीत बाळ, दुसऱ्या बाजूला हडकुळं बाळ, आणि खाली मोठ्या हिंदी अक्षरात लिहिलेलं की तंबाखूमुळे बाळ छोटं जन्माला येतं. मी तिला पाणी दिलं. जवळ बसल्यावर वास आला. विडीचा वास मी आता कुठेही ओळखते.

"ओढतेस?"

तिनं अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय. आदी मशेरी लावत हुते. हितं आल्यावर बिडी."

मशेरी म्हटल्यावर मला सगळं ओळखीचं झालं. आमच्याकडे कितीतरी बायका तव्यावर तंबाखू भाजून, तिची काळी पूड करून दातांना लावतात. हिनं येताना माहेरून डबाभर आणली होती. ती संपल्यावर बाजारातून तंबाखू आणून तिनं गॅसवर भाजायला घेतली, तर सगळं घर ठसकायला लागलं. घरमालकीण म्हातारी पदर नाकाला लावून वर आली. ती स्वतः दिवसभर विड्या ओढणारी. जाळायचीच तर अशी जाळ, म्हणून तिनं हिच्या हातात विडी ठेवली. इथपर्यंत मला हसूच आलं.

"लग्नाआधीपासून सवय असेल," मी म्हणाले.

"न्हाई ओ. कवाच न्हवती. दिस गेल्यावर सुरू केली."

"दिवस गेल्यावर?"

"मुद्दाम केली. प्वार बारीक ऱ्हावं म्हणून."

आजवर माझ्यासमोर बसलेल्या बायका सुटत नाही म्हणून रडल्या होत्या, काही खोटं बोलल्या होत्या, काही उठून गेल्या होत्या. पण बाळाला अपाय होतो तो व्हावा म्हणून कुणी विडी ओढत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"अगं, पण का?" एवढंच मी विचारलं.

तिनं आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं, मग सांगितलं. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. वस्ती गावापासून आत, कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण म्हणाली, होईल घरात. सकाळची दुपार झाली. बाळ मोठं होतं.

"डोस्कं दिसत हुतं ताई, पर भाईर येत न्हवतं. मग जीप आणली. मी सोळा वर्साची. आक्काचं डोस्कं माज्या मांडीवर. रस्त्यानं जीप आशी आदळायची, आन् दर आदळ्याला ती वरडायची. मग वरडायची थांबली. मला म्हणली, पाणी दे. मी बाटलीचं टोपन फिरवत हुते, ते लई घट्ट बसलं हुतं. ते निघंस्तवर आक्का गेली."

"आणि बाळ?"

"ते बी. पोरगा हुता. लई गुटगुटीत. मयताला आलेली मानसं सुदिक म्हणत हुती, काय बाळ हाय, काय बाळ हाय."

ती रडत नव्हती. सांगून झाल्यावर तिनं रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली की दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा ती माहेरीच होती, आईनंच हा उपाय सांगितला. मशेरी लावणारीला पोर बारीक होतं, अलगद सुटते. आईनं हिच्या वेळी लावली होती, काही त्रास झाला नव्हता. थोरलीनं कधी हात लावला नव्हता.

"आन् तुमीच की," ती म्हणाली आणि बोट वर केलं. "ह्ये तुमीच लिवलंय. पयल्या बारीला आले तवाच दारातनं वाचलं. आई म्हणते ते खरंच हाय म्हणलं. तवाधरनं चार जास्तीच वडते."

मी मागे वळून पोस्टर पाहिलं. रोज पाहत होते मी ते. ज्या गोष्टीची आम्ही बायकांना भीती घालत होतो, तीच हिनं औषध म्हणून घेतली होती, आणि औषध लागू पडलं होतं. त्यात तिचं काही चुकलेलं नव्हतं. तंबाखूनं बाळ लहानच राहतं.

मी भराभर बोलायला लागले. लहान बाळ म्हणजे सोपं बाळंतपण नव्हे, बाळाचा श्वास, बाळाचं वजन, बाळाचा मेंदू, वेळेआधी होणारं बाळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मग मी मरू का?"

मी इतका वेळ एकदाही तिच्याबद्दल बोलले नव्हते.

ती गेल्यावर मी खुर्चीवर चढून पोस्टर काढलं. मग डॉक्टर मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो तसाच राहिला. या शहरातल्या हजारो बायकांची बाळंतपणं केलेली ही बाई, पण त्यांनाही दोनदा सांगावं लागलं. "जान-बूझ के?" त्या विचारत होत्या. "मतलब, समझते हुए?" मग म्हणाल्या, आता विडीचं नाव काढू नका. तिला परवा पुन्हा बोलवा. आधी मी बोलते.

दोन दिवसांनी ती आली. मॅडमनी तिला तपासलं, नंतर टेबलावर बसवून ठेवूनच सांगितलं आणि मी ते मराठीत केलं. तुझी हाडं चांगली आहेत, वाट रुंद आहे, साधारण बाळ इथून सहज येईल. मोठं असलं आणि अडलं तर आम्ही वाट बघत बसणार नाही. मग त्यांनी तिचा हात धरून तिला कॉरिडॉरमध्ये नेलं. बाळंतपणाची खोली आणि तिच्या समोरच ऑपरेशनची खोली. "तेरी बहन को जीप में जाना पड़ा," मॅडम म्हणाल्या. "तुझे बस यह दरवाज़ा पार करना है." हे मला मराठीत करावं लागलं नाही. ती त्या दोन दारांमधल्या फरशीवरून एकदा चालून आली.

"आक्काला ह्यो दरवाजा आसता तर वाचली आसती?" तिनं मला विचारलं.

"बहुतेक वाचली असती."

"प्वार मोटं आसून बी?"

"हो. बाळानं नाही मारलं तिला. उशिरानं मारलं."

परत येताना नवजात बाळांच्या खोलीची काच लागते. मी तिला मुद्दाम तिथं नेलं नव्हतं, रस्ताच तो आहे. आत पेटीत एक बाळ होतं, अपुऱ्या दिवसांचं. ती थांबली. आधी तिला कळलंच नाही ते काय आहे. मग बाळानं पाय हलवला. काडीसारखा पाय, त्यावर कातडी सुरकुतलेली, नाकात नळी, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"ह्येला काय झालंय?"

"काही झालं नाही. बारीक आहे."

ती झटकन मागे सरली, जशी चटका बसल्यावर माणसं सरतात. तिच्या मनातलं बारीक बाळ म्हणजे सडपातळ, नीटस, चटकन सुटणारं असं काहीतरी असावं. असलं बारीक तिनं पाहिलं नव्हतं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. त्या दिवसापर्यंत मी तिचा हात पोटावर गेलेला पाहिला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. तिच्या तोंडून एकच वाक्य येत राहिलं, "आई गं, मी काय करून बसले." ती भिंतीला धरून खाली बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

विडी सोडते म्हणाली, आणि सोडायचा तिनं जीव तोडून प्रयत्न केला. पण एवढ्या महिन्यांत शरीराला सवय लागली होती. सकाळी विडीशिवाय पोट साफ होईना. डोकं दुखे. ती मला दिवसातून कितीतरी वेळा फोन करी. मी म्हणे, कोमट पाणी पी, भाजलेला ओवा आणि तीळ चघळ, गच्चीवर फेऱ्या मार. एकदा म्हणाली, "ताई, तुमी बोलत ऱ्हावा नुसतं, तेवढ्यात जाती तलप." म्हणून मी भाजी चिरता चिरता तिला काहीबाही सांगत बसे. माझी लेक इथंच वाढलेली, ती हसायची. म्हणायची, "आई, तू त्या ताईशी बोलताना वेगळीच मराठी बोलतेस." एकदा आमची आटपाडीची घसरलीसुद्धा. म्हातारीच्या ओसरीवरून वास आला आणि उरलेलं थोटूक उचलून ओढलं म्हणाली. मी रागावले नाही. मग मी स्वतः जाऊन त्या घरमालकिणीला भेटले. तिला सगळं सांगितल्यावर ती हातातल्या विडीकडे बघत म्हणाली, मला वाटलं होतं बिचारीला घराची आठवण येते म्हणून ओढते. त्या दिवसापासून ती विडी ओढायला गल्लीच्या तोंडाला जाऊन बसायला लागली.

नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या अंगालाच दिवसभर ॲसिडचा आणि भट्टीचा वास, त्याला हिचा कुठून येणार? ती म्हणत होती, सांगू नका. पण एक अडचण उभी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्यानं गावची तिकिटं काढून ठेवली होती. ती पुन्हा त्याच वस्तीवर, त्याच रस्त्याला जाणार होती. शेवटी तिनंच त्याला माझ्या खोलीत आणलं आणि मान खाली घालून स्वतः सांगितलं.

तो उंच, काळसर, शांत मुलगा. हातांवर ॲसिडचे डाग. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला. मला वाटलं आता ओरडेल. पण त्यानं तिला विचारलं, "एवढी भीती हुती तुला? आन् मला ठावंच न्हाई?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ही झोपेत पाणी पाणी करती. मला वाटायचं तान लागती." तिकिटं त्यानं तिथंच फोनवर रद्द केली.

राहिली तिची आई. तिला कळवायला हवं होतं, कारण मशेरीची नवी पुडी गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर निघाली होती. लेकीची हिंमत होईना, म्हणून एका दुपारी फोन मी घेतला. मी कोण ते सांगितलं, आणि शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, मावशी, त्यानं बाळाला इजा होते.

पलीकडून आवाज आला, "तुमाला लेकी किती, बाई?"

"एक."

"मला दोन हुत्या. एक जाळली. आता दुसरीची पाळी आल्यावर मी काय करावं, तुमी सांगा. मला वाचता येत न्हाई. डाक्टर न्हाई आमच्या वस्तीला. माज्या हातात जे हुतं ते मी केलं."

मी तिला दवाखाना समजावला, दोन दारं समजावली. हाडं चांगली आहेत हे सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "मग थोरलीची हाडं वाईट हुती?" मी म्हणाले, नाही मावशी, तिचीही चांगली असतील. तिला वेळेवर दवाखाना मिळाला नाही. त्यावर ती रडायला लागली. फोन मात्र ठेवला नाही. मला बायकांच्या रडण्याची सवय आहे, पण हे रडणं वेगळं होतं. कोंबड्यांचा कलकलाट, लांब कुठेतरी मोटर चालू, आणि त्यामागे एक म्हातारी बाई. लेक मोठ्या बाळानं गेली, असं मनाला समजावत ती इतकी वर्षं जगली होती. बाळ मोठं निघालं तर त्यात कुणाचा दोष नसतो. जीप मात्र सकाळीच आणता आली असती. ते मी तिला सांगून टाकलं होतं. ते सांगायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

आठ-दहा दिवसांत तिची आई जयपूरला आली. लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, दात काळे. लेकीसमोर तिनं मशेरीची पिशवी उघडली नाही. तलफ आली की ती गल्लीच्या तोंडाला जाऊन त्या घरमालकिणीशेजारी बसे. एकीची विडी, एकीची मशेरी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तासभर बोलत.

बाळाचं वजन थोडं वाढलं. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरही खूप झालं. पण दिवस भरायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या. ती स्वतःच चालत दवाखान्यात आली, आईचा हात धरून. मला तिनं आत थांबवून घेतलं. पहिले काही तास नीट गेले. दुपारनंतर बाळाचे ठोके घसरायला लागले. लहान बाळ कळांनी लवकर थकतं, हे मी पोपटासारखं कितीदा सांगितलं होतं. आता त्या यंत्राचा आवाज मंदावताना ऐकत होते. मॅडम म्हणाल्या, "ले चलो."

स्ट्रेचर बाहेर आलं. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "ताई, जीप न्हाई न्हवं?" ती विचारत होती. "जीप न्हाई न्हवं?" मी म्हणाले, "नाही गं. हे बघ, दारच आलं." आणि तोवर स्ट्रेचर आत गेलंही होतं.

मुलगी झाली. दोन तळहातांत मावेल एवढी, पण रडली. रडण्याचा आवाज बाहेर आला तेव्हा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता, तो वळलाच नाही, नुसते खांदे हलत होते. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. ती शुद्धीवर येत असताना मी जवळ होते. मला वाटलं, विचारेल मुलगा की मुलगी, विचारेल बाळ कसं आहे. तिनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, स्वतःचा हात वर करून बोटं हलवून पाहिली, आणि म्हणाली, "मी हाय व्हय?"

"आहेस की."

"खरंच?"

मग बऱ्याच वेळानं तिनं बाळाचं विचारलं.

बाळ काही आठवडे पेटीत होतं. रोज दोन-तीन थेंब जास्त दूध, रोज थोडंसं वजन. घरी न्यायच्या दिवशी आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे होतो. नवरा रिक्षा बघायला गेला होता. आजी नातीला छातीशी धरून होती. तिनं एकदम मला बाजूला ओढलं.

"बाई, एक सांगायचं हाय. मी ह्ये हिला एकलीलाच सांगितलेलं न्हाई."

"काय?"

"मशेरीचं. थोरली गेल्यावर आमच्या वस्तीत ज्या ज्या पोरीला दिस गेलं, तिला तिला मी सांगत आले. घरी जाऊन सांगायची. डबा भरून द्यायची. कुनाची लेक माज्या लेकीगत जाऊ नये म्हणून." तिनं नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "शेजारच्या सुनेला आता पाचवा हाय. फोनवरचं तुमचं मला पटलं न्हवतं, येताना तिला डबाभर मशेरी भाजून ठिवून आले."

किती वर्षं, किती पोरी, मी विचारलं नाही. ऐकायची माझी तयारी नव्हती. ती मात्र माझ्यासमोर उभी होती, काहीतरी सांगा म्हणून. मी पर्समधून फोन काढला आणि तिच्या पुढे धरला. त्या सुनेचा नंबर तिला पाठ नव्हता, लेकीनं खालच्या पायरीवरून सांगितला. घंटा गेली. नात एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि सोडाल्याच्या त्या रहदारीत, बसचे हॉर्न वाजत असताना, ती आटपाडीच्या बोलीत जीव खाऊन ओरडायला लागली, "आगं, मी बोलतीया. डबा टाक. उकिरड्यात टाक त्यो. आदी टाक, मग सांगते का त्ये."